दादाचं पेडल

थोरला भाऊ गेल्यावर त्याच्या गिटारचा आवाज खरखरीत, दमदार करणारं ओव्हरड्राइव्ह पेडल वहिनी मुलासाठी न्यायला आली. त्या आवाजावर धाकट्याचा कधीपासून डोळा होता. सकाळीच त्यानं आतलं सर्किट काढून स्वतःच्या पेडलमध्ये बसवलं होतं, आणि दादाच्या खरचटलेल्या हिरव्या डबीत आपलं स्वस्तातलं घातलं होतं.

त्यानं हिरवं पेडल अ‍ॅम्पला जोडून दिलं.

“दाबू ना, भावजी? हे नेहमी दोनदा दाबायचे. कुलूपसुद्धा दोनदा ओढून बघायचे. एकदा केलेल्यावर विश्वासच नाही.” वहिनी हसली.

तिनं बटण दाबलं. हिरव्या पेडलचा दिवा लागला नाही. समोरच्या फळीवर धाकट्याच्या पेडलचा लागला. त्याला वायर जोडलेली नव्हती, आत बॅटरी नव्हती.

“ते कुणाचं?”

“माझंच.” त्याचे कान तापले.

तिनं पुन्हा दाबलं. फळीवरचा दिवा विझला.

“जुनं झालंय, वहिनी. काहीतरी घोळ असेल.” त्याची मान वर होईना.

वहिनीनं पाय मागे घेतला.

तेवढ्यात फळीवरचं बटण खट्कन खाली गेलं, वर आलं, आणि खात्री करून घ्यावी तसं पुन्हा एकदा खाली गेलं.