आवाज न आलेला तुकडा

तिने आवाज शेवटपर्यंत वाढवला, तरी आईचा एक शब्द हाती लागेना. पडद्यावर ओठ हलत होते आणि हेडफोनमधून नुसती यंत्रमागांची खडखड.

"आवाज नीट करा, खाली कॅप्शन टाका. एकही शब्द सुटता कामा नये. उद्या मालक स्वतः बघायला येणार आहेत," शेडचे साहेब बजावून गेले होते. विणकामाच्या कारखान्यात नव्याने लागलेल्या मुलींसाठी हा प्रशिक्षणाचा व्हिडिओ; तो जुळवायचं काम कारखान्याच्याच ऑफिसात नोकरीला असलेल्या तिच्याकडे. शिकवणारी तिची आई, त्याच शेडमधून नुकतीच निवृत्त झालेली. काय बोलायचं ते साहेबांनी लिहून दिलं होतं. आईच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच, म्हणून तो हात मागे ठेवायलाही त्यांनीच सांगितलं होतं.

सुरुवातीचं सगळं खणखणीत होतं. "धागा अडकला तर माग थांबवू नये. चालू मागावरच सोडवावा. वेळ वाचतो." आई शाळेतल्या पोरीसारखी घडाघडा म्हणत होती. आणि मग आवाज गुल! खडखड गाळून गाळून लेकीचे कान किटले. पण हार मानेल तर ती आईची लेक कसली? तिने सरळ फोनच लावला.

"आई, धाग्याचं सांगून झाल्यावर गप्प का झालीस गं?"

"गप्प? अगं, खरं तर तेव्हाच बोलले मी," आई म्हणाली. "शेडमध्ये बोलायचे ना, तसं."

तिने कपाळावर हात मारला. शेडमध्ये कानठळ्या बसायच्या, म्हणून बायका आवाज न काढता ओठांनीच बोलायच्या. मुकादमाला कळू द्यायचं नसलं की हमखास. घरी बाबा झोपलेले असले की मायलेकींच्या गप्पाही तशाच चालायच्या. आणि आपण मेलं आवाज वाढवत बसलो! तिने आवाज पार बंद केला आणि तुकडा पुन्हा लावला. आईने पाठीमागे लपवलेला हात पुढे आणला, सरळ कॅमेऱ्यात बघितलं. आता शब्द न शब्द कळला.

हे लिहिलं तर नोकरी गेलीच म्हणायची. तुकडा कापून टाकला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. ती त्या अर्ध्या बोटांकडे बघत राहिली. मग दात-ओठ खाऊन टाइप करायला लागली. साहेबांनी पहिली दोन वाक्यं बघितली, कॅप्शन आहेत म्हणून मान डोलावली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये नव्या मुली बसल्या. कडेला खुर्चीवर मालक, शेजारी साहेब. पडद्यावर आईचा आवाज थांबला, पण खाली अक्षरं उमटत राहिली.

'पोरींनो, हे मला बोलायला लावलंय. ऐकू नका. धागा अडकला की आधी माग बंद करा. मी केला नव्हता. हा बघा हात.'

पहिल्या रांगेतल्या मुलीने आपली बोटं मुठीत धरली. मालकांनी वळून साहेबांकडे बघितलं. साहेब तरातरा उठून व्हिडिओ लावणाऱ्या लेकीपाशी आले आणि दबक्या आवाजात फणफणले, "हे कुणी लिहायला सांगितलं?"

"तुम्हीच, साहेब," ती शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "एकही शब्द सुटता कामा नये, म्हणालात ना?"