अर्धा लिटर

साखरेच्या बिमारीने बुधरामच्या किडन्या खाल्ल्या, तेव्हापासून डॉक्टरांनी त्याला दिवसाला अर्धा लिटर पाणी ठरवून दिलं होतं. सखाबाई रोज सकाळी तेवढं बाटलीत भरून ठेवायची. नवरा कितीही गयावया करो, दोन वर्षांत तिने एक घोट वर दिला नव्हता.

कालच्या डायलिसिसनंतर डॉक्टर तिच्याशी एकटीशीच बोलले. काय बोलले, ते बुधरामने विचारलं नाही.

आज दुपार झाली तरी बाटली भरलेलीच होती. त्याचे ओठ फुटले होते.

“काहून पेऊन नाही राहिले?”

“राहू दे. कारध्याले जाऊ, तुळशीरामकडं.”

तुळशीराम त्याचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी मासेमारीच्या डोंग्याच्या वाटणीवरून भांडण झालं, तेव्हा बुधरामने अंगणात उभं राहून सांगितलं होतं, “तुह्या घरचं पानी पेनार नाही.”

दादाला दारात पाहून तुळशीराम गडबडला. त्याला आजार ठाऊक होता, पाण्याचं माप ठाऊक नव्हतं. भीतभीतच त्याने तांब्या पुढे केला.

बुधरामने तो तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला. बाटली का भरलेली राहिली, ते सखाबाईला तेव्हा कळलं.

तुळशीराम डोळे पुसत आत गेला आणि तांब्या पुन्हा काठोकाठ भरून घेऊन आला.

“अजून घे, दादा.”

बुधरामने बायकोकडे पाहिलं.

“घ्या,” सखाबाई म्हणाली. “पोटभर पेऊन घ्या.”