काम निरंक

कार्यालयातल्या एकाही संगणकात आवाज नको, हा हुकूम तुम्ही काढलात, साहेब. कर्मचारी गाणी ऐकतात म्हणे. सगळी जुनी मशीन पुसायला लावलीत, नव्यानं भरायला लावलीत आणि साउंड ड्रायव्हर तेवढा टाकू दिला नाहीत. सहा नंबरच्या टेबलावरच्या बाईंना दिसत नाही, स्क्रीनवरचं अक्षर न् अक्षर संगणक वाचून दाखवतो तेव्हाच त्यांचं काम चालतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर तुमचीच सही आहे.

दोन आठवड्यांनी, तिसऱ्या तक्रारीनंतर, कॉम्प्युटरवाला आला. पहिल्या दोन तक्रारी त्यानं फोनवरच निकालात काढल्या होत्या. "स्क्रीन चालू आहे ना, ताई? मग झालं!"

आता तो टेबलाखाली मांडी घालून बसला होता. कंपनीच्या साइटवर या मॉडेलचं नावही उरलं नव्हतं. त्यानं सीपीयू उघडला, धूळ फुंकली, मोबाइलच्या उजेडात चिपवरचा नंबर वाचून काढला. पहिला ड्रायव्हर बसेना. दुसरा बसला, पण स्क्रीनवरचं बिघाडाचं पिवळं उद्गारचिन्ह काही हटेना.

"अरे, पण हुकमाचं काय?" शेजारून भाऊंनी विचारलं. भाऊ जुने कारकून, निवृत्तीला सात महिने उरलेले.

"हुकूम गेला खड्ड्यात," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "ताई, मला वाटलं तुम्हालाही गाणीच ऐकायचीत. चुकलं माझं."

"गाणी मी घरी ऐकते. इथं लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते," बाई म्हणाल्या. थांबून म्हणाल्या, "लिहीत होते."

तिसरा ड्रायव्हर बसला. मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं. चाचणीसाठी लावलेला छोटा स्पीकर खरखरला आणि त्यातून तो सपाट, घाईचा आवाज बाहेर पडला.

"आला बाई एकदाचा!" बाई हसल्या. बोटं आपसूक की-बोर्डवर गेली. मेल उघडली. त्यांच्या नावाची एक मेल न वाचलेली होती. संगणक वाचू लागला.

"मागील सप्ताहात आपले काम निरंक आहे. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. अन्यथा आपणास काही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरून आपले टेबल काढून घेण्यात येईल."

तारीख सोमवारची होती. आज शुक्रवार.

सगळं दालन ऐकत होतं. "ताई, आवाज कमी करू?" कॉम्प्युटरवाल्यानं विचारलं.

"असू दे."

डोळ्यांनी वाचणारा माणूस सहीपाशी थांबतो. संगणक थांबत नाही. तुमचं नाव आणि हुद्दा वाचून तो तळाच्या बारीक अक्षरांवर गेला. "टंकलेखन, टेबल क्रमांक सात."

सात म्हणजे शेजारचं. भाऊंचं.

बाईंनी खुर्ची त्या बाजूला वळवली. भाऊ उगाच एका फाइलीची नाडी सोडत बसले होते.

"भाऊ."

"साहेबांनी समोर उभं राहून टाइप करून घेतली हो," भाऊ म्हणाले. "मेलवरच पाठवा म्हणाले. मी तरी काय करणार?"

"टाइप का केलीत, ते विचारत नाही मी. नोकरी आहे, करावंच लागतं. पण सोमवारी तुम्हीच मला जिन्यावरून हात धरून खाली नेलंत. मंगळवारीही. बुधवारी तर फाटकापर्यंत आलात, माझ्या लेकीची परीक्षा कशी झाली ते विचारलंत. तेव्हा मुदत शिल्लक होती. कुणाकडूनही लिहून घेऊन दिला असता मी खुलासा."

भाऊंनी नुसती मान हलवली.

"मान हलवू नका, भाऊ, मला दिसत नाही. तोंडानं सांगा. का नाही बोललात?"