उचगाव ते बिंदू चौक

पवित्रा बावीस वर्षांची झाली, तरी समज राहिली लहान पोरीची. ती कोल्हापुरात बिंदू चौकाजवळ मेणबत्त्या करायला जायची त्या कार्यशाळेच्या बाईंनी तिला चिकाटीनं बसनं यायला शिकवलं आणि तिच्या आईला, शांतव्वाला, बजावलं, "उद्यापासून ती एकटी येणार. तुम्ही घरी थांबायचं."

शांतव्वा थांबते कसली. उचगावात लेक बसमध्ये चढली, तशी तीही गर्दीतून मागोमाग चढली आणि तोंडावर पदर ओढून शेवटच्या बाकावर बसली. पुढं लेकीनं आपल्या तोंडानं तिकीट मागितलेलं दिसलं, तेव्हा कुठं तिचा निम्मा जीव भांड्यात पडला.

कंडक्टर मागं आला. तिनं पैसे पुढं केले.

"ऱ्हाऊ द्या मावशी. तुमचं तिकीट त्या पुढच्या पोरीनं काढलंय."

"तिनं? काय म्हणाली?"

"म्हणाली, मागं पदर घिऊन बसलीया ती माझी आई हाय. तिला एकटीनं फिरायची सवय न्हाय. बिंदू चौक आला की सांगा तिला."

शांतव्वानं तोंडावरचा पदर मागं सारला आणि शेजारच्या अनोळखी बाईला अख्खी बस ऐकेल अशा आवाजात सांगितलं,

"लेक हाय माझी. कोल्हापूरला घिऊन चाललीया मला."