सत्कार आधीच झाला होता

"परमिट नाकारलं, बाबा," मोनाली फोनवर म्हणाली, आणि प्रेमदास हातातली तांब्याची तार तशीच धरून बसला. देवळीच्या बसस्टँडमागं त्याचं मोटारी दुरुस्तीचं दुकान होतं. समोर कुणाच्या तरी विहिरीवरची जळालेली मोटार उघडी पडली होती.

"मंग घरी ये," तो म्हणाला.

"घरी कशी येऊ?"

चूक पोरीची नव्हती, सगळ्या मोहल्ल्याची होती. मोनाली कॅनडाला गेली ती टोरांटोच्या मावसबहिणीकडं, पाहुणी म्हणून. तिथूनच कॉलेजसाठी अर्ज करायचा, शिकायचं परमिट मिळालं तर राहायचं, असा बेत होता. पण 'मिळालं तर' एवढं ऐकून घ्यायला आपल्याकडं सवड कुणाला आहे? तिकीट निघालं नाही तोच विहारात सत्कार ठरला. शाल, पुष्पगुच्छ, भाषणं, सगळं साग्रसंगीत. चौकात फ्लेक्स लागला, 'उच्च शिक्षणासाठी कॅनडाला रवाना'. खाली शुभेच्छुकांची एवढी गर्दी झाली की रवाना होणारीचाच चेहरा बारका दिसत होता. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी प्रेमदासही हात जोडून हसतच होता.

आता पाहुणपणाची मुदत संपत आली होती. आणि मोनाली म्हणत होती, मी येतच नाही. कुठल्याशा हॉटेलच्या भटारखान्यात कागदपत्रं न पाहता तिला कामावर घेणार होते.

"असं लपून राह्यली तं परत कधी येशीन?"

"नाई येणार. सगळ्यायले तोंड दाखवण्यापरीस थे बरं."

तिनं फोन ठेवला. परमिटची वाट पाहण्यात महिना गेला होता, तेव्हापासून ती हेच म्हणत होती, नाकारलं तर येणार नाही. रोज तेच बोलणं, रोज तोच शेवट. रागवायचंही त्राण प्रेमदासच्या अंगात उरलं नव्हतं. पोरगी शिकली नाही तरी चालेल, ती घरी यावी, एवढंच त्याला हवं होतं.

त्यानं दुकानाचं शटर ओढलं आणि तो चिंधूभाऊंकडं गेला.

चिंधूभाऊ विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष. मोहल्ल्यातून परदेशी शिकायला गेलेला पहिला पोरगा त्यांचाच. अंकित दोन वर्षांपासून कॅनडात व्हँकुव्हरला शिकत होता. घरोघरच्या आया पोरांना अभ्यासाला बसवताना त्याचंच नाव घ्यायच्या. चिंधूभाऊंना मात्र मोठेपणा मिरवायची हौस नव्हती. मोनालीच्या सत्कारातही अध्यक्षीय भाषण दोन वाक्यांत आटोपून ते खाली बसले होते.

"जय भीम, भाऊ."

"जय भीम. ये प्रेमदास. पोरगी काय म्हणते?"

प्रेमदासनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. चिंधूभाऊंची नजर जमिनीकडं गेली.

"असं व्हाले नाई पायजे होतं," ते म्हणाले.

"अंकितले सांगा नं तिच्याशी बोलाले. तिच्या मोठ्या भावासारखा हाय. तो त्याच देशात राह्यते, त्याचं ती आयकन."

"त्याचे पेपर चालू हायेत."

"पाचच मिनटं, भाऊ."

"आन् तो एका टोकाले, थे दुसऱ्या टोकाले. लय लांब पडते."

"फोनले काऊन लांब पडन, भाऊ?"

चिंधूभाऊंनी मान फिरवली. प्रेमदासला मनातून फार लागलं. यांचं पोरगं मार्गी लागलं, आता आपल्या पोरीसाठी यांना पाच मिनिटं जड झाली! तो उठला.

तेवढ्यात अंकितची आई जिजाबाई आतून बाहेर आल्या. त्या वडनेरला भावाकडं निघाल्या होत्या. आठवड्यातून एकदा त्यांची फेरी असायचीच. हातात डब्याची पिशवी होती आणि डोळे लाल झाले होते.

"पोरगी लय रडते का, भाऊजी?"

"रडत नाई, वयनी. त्याचंच तं भेव वाटते."

"मी सांगते अंकितले."

"तू कायले मधात पडते?" चिंधूभाऊ खेकसले.

"सांगते म्हणलं नं," जिजाबाई म्हणाल्या आणि पायात चपला सरकवून बस गाठायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी प्रेमदासचं कामात लक्ष नव्हतं. एका मोटारीची तार त्यानं उलटी भरली, पुन्हा सगळी उकलली. चहा पुढ्यात गार झाला. अंधार पडायच्या सुमारास फोन वाजला.

"बाबा, मी येऊन राह्यली. ताईनं तिकीट बी काढलं."

प्रेमदास स्टुलावर बसला. ज्या बातमीनं लोकांपुढं मान खाली जायची होती, तिनंच त्याला रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं.

"अंकितदादाचा फोन आलता," मोनाली सांगत होती. "लय वेळ बोलला."

"काय म्हणे?"

"म्हणे, लपू नोको. एकदा लपलं का मंग रोजच लपा लागते. चार दिवस लोकं तुह्यावर बोलतीन, पाचव्या दिवशी सोयाबीनच्या भावावर बोलतीन."

"शहाणं पोरगं हाय," प्रेमदास डोळे पुसत म्हणाला. चिंधूभाऊंबद्दल उगाच वाईट मनात आणलं, असं त्याला वाटलं. उद्या जाऊन त्यांचे पाय धरायचे, हेही त्यानं ठरवून टाकलं.

"आन् म्हणे, तू आली का मी बी देवळीले येतो. दोघं संगच चौकातून जाऊ."

"एवढ्या दुरून? कॉलेज सोडून? नाई नाई, त्याले म्हणा पेपर होऊ दे, मंग ये."

मोनालीनं आवाज बारीक केला.

"बाबा," ती म्हणाली, "तो वडनेरहून येस्टीनं येणार हाय."