थांबा म्हणणारी

शामकलाचा गौना होऊन ती सासरी नांदायला गेली, त्याच साली जंगलातलं बंदीचं गवत कापायचा सत्याग्रह सालेकशाच्या बाजूला पसरला. पुढारी सगळे तुरुंगात होते. गावंच एकमेकांना तोंडी निरोप धाडून दिवस ठरवत. एकदा ‘उद्याचं मोडलं’ असं सांगत आलेला माणूस पोलीस ठाण्याचा निघाला. तेव्हा शामकलाच्या बापानं, सुकरामनं, गावोगाव फिरून सगळ्यांकडून कबूल करून घेतलं की, निघा म्हणणाऱ्याचं ऐकायचं, थांबा म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही, मग तो कोणीही असो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लोक विळे घेऊन निघाले, तोच शामकला जंगलनाक्याजवळच्या सासरहून धानाच्या बांधांवरून धावत आली.

“बाबा, नाक्यावर बंदुकवाले येऊन बसले. आज नका जाऊ.”

शेजारचा चुन्नीलाल हसला. “दुसऱ्याची पोरगी असती त झाडाले बांधली असती. आता का करता, सुकरामभाऊ?”

सगळे सुकरामकडं पाहू लागले. ती खरं सांगते आहे, हे तिचं तोंड पाहूनच त्याला कळलं होतं.

“मी खोटं काऊन बोलू, बाबा?”

“विळा घे,” तो म्हणाला, “अन् सगळ्याच्या पुढं चाल.”

तिनं विळा घेतला. ती धावत येताना वाटेत लागलेल्या दोन गावांनी मात्र तिचं ऐकून विळे खाली ठेवले होते. तिथं कोणाला नियमासाठी आपली पोरगी परकी करून दाखवायची नव्हती. शामकला त्याच दिवशी, उन्हं चढायच्या आत, नाक्यावर पहिल्याच गोळीनं मेली.