सटवाची नोंद

मास्तरांनी चष्मा पुसला आणि तीच ओळ पुन्हा वाचली. "मुलगा. नाव सटवा. आईचं नाव भामा, कौम महार. मौजे वडगाव. खबर देणारा..." आणि त्यांनी सुंदररावांच्या सख्ख्या आजोबांचं नाव घेतलं.

केजच्या कचेरीत पंखा गरगरत होता, तरी सुंदररावांना घाम फुटला. नातवाच्या, अंगदच्या, कुणबी दाखल्यासाठी त्यांना वडिलांची निजामाच्या काळातली नोंद हवी होती. दोन महिने हेलपाटे घातले, उर्दू वाचणारे हे मास्तर गाठले, तेव्हा कुठं ती सापडली. सापडली ती ही अशी. गाव, साल, आजोबांचं नाव, सगळं जुळत होतं. फक्त आई भलतीच होती. वडिलांना अख्खा गाव सटवाजीराव म्हणायचा. एवढ्या मानाच्या घरात हे नाव आलं कुठून, हे विचारायचं सुंदररावांना सत्तर वर्षांत सुचलं नव्हतं.

भामाबाई कोण, हे मात्र त्यांना ठाऊक होतं. निवृत्तीची आई. निवृत्ती आता सत्त्याऐंशीचा, विहाराच्या मागं राहणारा. त्याच दिवशी दुपारी सुंदरराव त्याच्या ओट्यावर जाऊन बसले. या ओट्यावर ते एरवी फक्त निवडणुकीच्या तोंडावर बसत.

"निवृत्ती, ही काय भानगड हाय? कावून लिवलंय असं?"

निवृत्ती ओठातल्या ओठात हसला.

"भानगड कसली? तुमच्या आजीची पाच लेकरं पाचवी पुजायच्या आतच गेली व्हती. सहावं झालं तवा सटवाईला फसवायचं ठरलं. लेकरू सुपात घालून माझ्या आईच्या पदरात टाकलं. तिनं चार दिस अंगावर पाजलं. मग तुमच्या आजीनं पसाभर जवारी देऊन त्याला इकत घेतलं आन् सटवाईचंच नाव ठिवलं. तिला संशय नगं म्हणून तुमच्या आजोबानं चावडीवर बी तसंच लिवून दिलं. जगलं की मग लेकरू."

सुंदररावांचा जीव भांड्यात पडला. "म्हंजी नोंद खोटी!"

"लेकरापुरती खोटी."

"मग उद्या केजला येऊन तसा जबाब दे. ही नोंद बाद झाली की आजोबांच्या कुणबी नोंदीवर अंगदचं काम हुईल."

उंबऱ्यात उभी असलेली निवृत्तीची नात, माया, काही बोलायला गेली. म्हाताऱ्यानं हातानंच तिला थांबवलं.

"देतो की," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिघं जीपमधून निघाले. आजोबाला धरून न्यायला माया सोबत होती. काम होणार म्हणून सुंदरराव खुशीत होते, आणि खुशीतला माणूस चौकशा करतो.

"काय शिकतीस बाई?"

"नर्सिंगला नंबर लागलाय. मागल्या साली बी लागलाता. जातीची व्हॅलिडिटी न्हवती म्हणून गेला."

"का बरं न्हाई?"

"पन्नासच्या आधीचा कागद मागतेत. भामापणजीचं नाव तीन वर्षं हुडकतोय आमी. कुठंच न्हवतं." ती जरा थांबली. "काल सापडलं."

सुंदररावांनी खिशातल्या नकलेवर हात ठेवला. केजला उतरल्यावर त्यांनी निवृत्तीला बाजूला घेतलं. "हे ठाऊक असून हो कावून म्हणलास?"

"तुमच्या बापाला पदरात घेताना आईनं कुठं इचारलं, आमाला काय म्हणून?"

सुंदररावांना लाज वाटली. अंगदचा चेहराही डोळ्यांसमोर आला. पोरगं दोन महिने रोज फोन करून विचारत होतं, आबा, सापडली का?

कारकुनानं जबाबाचा कागद निवृत्तीपुढं सरकवला. "नीट समजून घ्या बाबा. जबाब दिलात की अख्खी नोंदच खोटी ठरेल. पुन्हा ती कुणालाच, कुठंच दाखवता यायची नाही."

"बरं," निवृत्ती म्हणाला आणि त्यानं पेन उचललं.

सुंदररावांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"ऱ्हाऊ द्या, तात्या," ते म्हणाले. मग कारकुनाकडं वळले. "जबाब न्हाई द्यायचा. नोंद खरी हाय. या पोरीला तिची नक्कल द्या."

माया आजोबाकडं बघत राहिली. कारकून त्या तिघांकडं. त्यानं जबाबाचा कागद फाडला आणि कचेरीत अडकून पडलेल्या मायाच्या अर्जाबरोबरची वंशावळ समोर घेतली. भामाबाईच्या नावाखाली त्यानं एक रेघ वाढवली आणि थोरला मुलगा म्हणून सटवा लिहिलं. त्यावर सटवाच्या घरच्या कुणाची तरी सही लागणार होती. सुंदररावांनी ती केली.

"आणि हे काय मोकळंच ठेवलंत?" कारकून म्हणाला. "निवृत्ती यांच्याशी तुमचं नातं?"

सुंदररावांनी पेन पुन्हा मागून घेतलं आणि मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं: पुतण्या.